ब्लेड लावताच राइडिंग मोअर बंद पडतो? आधी तो कसा बंद पडतो ते ऐका

ओहायोत मे महिना लागला की ओळखीच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. गवत कापायचा, बसून चालवायचा मोअर सुरू होतो, शेडमधून बाहेर येतो, यार्डभर फिरतोही, पण ब्लेड लावले की इंजिन बंद. किल्ली फिरवली की पुन्हा सुरू, ब्लेड लावले की पुन्हा बंद. तिकडे पावसाने गवत तरारलेलं असतं आणि इकडे माणूस वैतागून सीटखालचा स्विच, बॅटरी, प्लग, पेट्रोलचा फिल्टर असं एकेक बदलत सुटतो. पैसे जातात, दोष तिथेच राहतो.

काहीही विकत घेण्याआधी इंजिन कसं बंद पडतं ते नीट ऐका. त्याच्या दोन तऱ्हा असतात. पहिल्या तऱ्हेत ते एका क्षणात, कुरकुर न करता थांबतं, अगदी किल्ली फिरवून बंद केल्यासारखं. दुसऱ्या तऱ्हेत आवाज खाली बसतो, इंजिन घुसमटतं, धुराचा एखादा भपका येतो, दोन-चार आचके बसतात आणि मग ते थांबतं. क्षणात थांबलं तर ठिणगी किंवा पेट्रोल तोडलं गेलंय, म्हणजे दोष विजेचा. धाप लागून थांबलं तर ओझं पेलवलेलं नाही. एकतर ओझं फाजील आहे, नाहीतर इंजिनात दम नाही. या दोन वाटा एकमेकींपासून खूप लांब जातात, म्हणून सुरुवातीलाच योग्य वाट धरलेली बरी.

दोन साध्या गोष्टी मात्र आधी तपासा. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारा दांडा, कासवाच्या चित्राजवळ ठेवून ब्लेड लावले तर चांगला मोअरही मान टाकतो. ब्लेड लावताना थ्रॉटल कुठे हवा ते पुस्तिकेत पाहा, आणि कापताना तो सशाच्या चित्रावरच ठेवा. दुसरं म्हणजे ब्लेड उंच, ओल्या गवतात उभं राहून लावू नका. ड्राइव्हवेवर किंवा आधी कापलेल्या जागी लावा, मग गवतात शिरा.

पट्टा काढून करायची परीक्षा

आवाजावरून नक्की कळत नसेल तर ही परीक्षा करा. इतका स्पष्ट निकाल दुसऱ्या कशाने मिळत नाही. किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर ओढून बाजूला करा, आणि मगच हात डेकजवळ, म्हणजे ब्लेड ज्याखाली असतात त्या पत्र्याच्या टोपाजवळ, न्या. डेक सगळ्यात खाली उतरवा, ब्लेड फिरवणारा पट्टा कुठल्या पुलीवरून कसा गेलाय त्याचा फोनवर फोटो घ्या, आणि इंजिनाखालच्या पुलीवरून पट्टा काढा. नुसता सैल करून तिथेच लोंबकळत ठेवू नका. फिरत्या पुलीने तो ओढला तर शेजारची वायर घेऊन जातो. पट्टा पूर्ण बाहेर काढा.

आता प्लगची वायर परत लावा. मोअर उघड्यावर, सपाट जागी, ब्रेक लावून, सीटवर नीट बसून सुरू करा आणि ब्लेडचं बटण ओढा. ब्लेड फिरणार नाहीत, पण सगळे स्विच आणि इंजिनाची ताकद ब्लेडकडे जोडणारा क्लच नेहमीसारखंच काम करतील. तरीही इंजिन बंद पडलं तर डेकचा काही संबंध नाही, वायरिंगकडे वळा. इंजिन मजेत चालू राहिलं तर बव्हंशी दोष डेकच्या ओझ्यात किंवा इंजिनाच्या ताकदीत आहे. हाताने लिव्हर ओढून ब्लेड लावायच्या मोअरलाही ही परीक्षा चालते, कारण त्या लिव्हरलाही स्विच जोडलेला असतो.

क्षणात बंद पडत असेल तर

इथे एक गोष्ट समजून घेतली की निम्मं काम होतं. या इंजिनांची ठिणगी बॅटरीवर होत नाही, फ्लायव्हीलमधल्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकातल्या, चुंबकावर होते. ती थांबवायची तर ठिणगी देणाऱ्या कॉइलकडून येणारी एक बारीक वायर बॉडीच्या लोखंडाला जोडली जाते. ती लोखंडाला टेकली की ठिणगी बंद. किल्ली, सीटचा स्विच, ब्रेकचा स्विच, ब्लेडचा स्विच, रिव्हर्सचा स्विच हे सगळे वेगवेगळ्या परिस्थितीत नेमकं हेच करतात. म्हणून ही वायर तुटली तर इंजिन बंद पडत नाही, उलट बंदच करता येत नाही. तिचं आवरण सोलून ती कुठे लोखंडाला लागली तर मात्र इंजिन पडतं. तेव्हा शोधायचं ते तुटलेल्या वायरीपेक्षा घासलेल्या वायरीला.

पहिला संशय सगळे सीटच्या स्विचवर घेतात. तो बऱ्याचदा निर्दोष असतो आणि हे फुकटात ताडून बघता येतं. बहुतेक मोअरची रचना अशी असते की सीटवर माणूस नसेल आणि ब्रेक सोडला असेल किंवा ब्लेड लावलेले असतील, तर इंजिन बंद. म्हणजे सीटचा स्विच खरोखर बिघडला असेल तर नुसता ब्रेक सोडल्यावरही इंजिन पडायला हवं. तुमचा मोअर ब्लेड न लावता यार्डभर आरामात फिरत असेल तर सीटचा स्विच बहुधा ठीक आहे, दुसरीकडे बघा. अपवाद एकच: खड्ड्यातून जाताना किंवा हलक्या वजनाचा माणूस बसला असतानाच बंद पडत असेल, तर सीटखालची स्प्रिंग, स्विचचा प्लग आणि सीटचा बिजागरीजवळचा भाग तपासा. ब्लेडच्या थरथरीने सैल प्लग हलतो.

रिव्हर्सच्या स्विचकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या अनुभवात खरा चोर तिथे बरेचदा सापडतो. गेली कित्येक वर्षं इथे विकले जाणारे मोअर ब्लेड चालू असताना मागे घेतले की इंजिन किंवा ब्लेड बंद करतात. मागे खेळणारं मूल दिसलं नाही म्हणून झालेल्या अपघातांमुळे ही सोय आली. हा स्विच गिअरच्या दांड्याजवळ किंवा रिव्हर्सच्या पेडलखाली असतो. तिथे वाळलेलं गवत आणि तेलकट माती साचून तो दाबलेलाच राहतो, किंवा त्याची पत्र्याची पट्टी वाकते. मग मोअर जागेवर उभा असला तरी त्याला वाटतं आपण मागे चाललोय, आणि ब्लेड लावताच तो बंद पडतो. ब्लेडशिवाय मात्र बिनतक्रार चालतो.

तपासायला हत्यारही लागत नाही. बऱ्याच मोअरवर रिव्हर्समध्ये कापायची मुभा देणारी किल्लीची वेगळी जागा किंवा वेगळं बटण असतं. मॉडेलप्रमाणे ते बदलतं, पुस्तिकेत सापडेल. ती मुभा देऊन, जागेवरच उभं राहून ब्लेड लावा. आता इंजिन जिवंत राहिलं तर रिव्हर्सचा स्विच किंवा त्याची वायर दोषी. अनेकदा ब्रश, थोडा क्लीनर आणि वाकलेली पट्टी सरळ करणं एवढ्यावर काम भागतं.

त्यानंतर ब्लेडचा स्विच, म्हणजे ते पिवळं किंवा लाल बटण. त्याच्या आत एकाहून अधिक जोड्या असतात. एक जोडी क्लचला वीज देते, दुसरी त्या बंद करणाऱ्या सर्किटमध्ये असते. क्लचचा करंट त्यातून जातो, म्हणून कॉन्टॅक्ट हळूहळू जळतात. बटण पॅनलमधून काढून मागचा प्लग उपसा आणि उजेडात धरून बघा. पांढरं प्लॅस्टिक एखाद्या पिनभोवती तपकिरी झालं असेल, पिन निळसर दिसत असेल किंवा प्लॅस्टिक वितळून एका बाजूला ओघळलं असेल, तर नवीन स्विच घाला. प्लगच्या आतली पत्र्याची टोकंही बदला. जळकं टोक तसंच ठेवून नवा स्विच बसवला तर तोही जळतो.

आता विजेचा क्लच. हा इंजिनाच्या खाली, क्रँकशाफ्टच्या टोकाला बसतो आणि त्याला दोन वायरी जातात. मल्टिमीटर ओहमवर लावा, क्लचचा प्लग सोडवा आणि त्या दोन पिनांमध्ये मोजा. घरगुती मोअरच्या बहुतेक क्लचमध्ये आकडा साधारण २ ते ४ ओहमच्या दरम्यान येतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलचा पाहावा. शून्याच्या जवळ आला तर क्लचची कॉइल आतून शॉर्ट आहे. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली आहे, पण त्या वेळी ब्लेड लागतच नाहीत, इंजिन पडत नाही. एक पिन आणि क्लचचं लोखंड यांच्यातही मोजा. तिथे आकडा येता कामा नये.

क्लच शॉर्ट असला तर इंजिन का बंद पडावं, ठिणगी तर चुंबकावर आहे? कारण कार्ब्युरेटरच्या तळाशी बसलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर हलणारी छोटी झडप. किल्ली चालू असेपर्यंत तो विजेवर पेट्रोलची वाट उघडी ठेवतो. क्लचने जास्त करंट ओढून व्होल्टेज पाडलं की सोलेनॉइडची पिन वर सरकते आणि पेट्रोल तुटतं. काही मोअरमध्ये दोघांचा फ्यूजही एकच असतो. फ्यूज उडाला की क्लचबरोबर इंजिनही गेलं, आणि नवा फ्यूज घालेपर्यंत ते परत सुरू होत नाही. वरचेवर फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज अजिबात घालू नका. वायर जळेल.

म्हणून मीटर बॅटरीवरही लावा. मोअर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, पूर्ण थ्रॉटलवर १३.५ ते १४.५. मग कोणाला तरी सीटवर बसवून ब्लेड लावायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. किंचित खाली येऊन सावरला तर ठीक. एकदम १० च्या खाली कोसळला तर क्लच, बॅटरी किंवा बॅटरीच्या गंजलेल्या टोकांपैकी एक. मोअर चालू असतानाही १२ च्या आसपासच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही. अशा वेळी सुरुवातीला सगळं छान चालतं आणि अर्धं यार्ड झाल्यावर दगा देतं.

एका काकांच्या मोअरला दुकानाने सीटचा स्विच आणि बॅटरी दोन्ही नवीन घातली होती, तरी तो ब्लेड लावताच पडायचा. मोअर चालतो आणि फक्त ब्लेडला मरतो, हे ऐकल्यावर सीट सोडून द्यायला हरकत नव्हती. मीटरने क्लच बरोबर दाखवला. मग क्लचकडे जाणारी वायर बोटांनी चाचपत गेलो. सायलेन्सरच्या कंसामागे, वरून न दिसणाऱ्या जागी, तिचं आवरण नखाएवढ्या भागात घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. वीज आली की तिथून थेट लोखंडात. क्लचला स्वतःभोवती फिरू न देणारी जी खाच असते, तिचा कंस सैल होता. ब्लेड लावताच क्लच थोडा वळायचा आणि वायर ताणून कंसाला टेकायची. वायर सांधून, वर उष्णता सोसणारी नळी चढवून आणि कंस आवळून काम झालं. नवा भाग एकही लागला नाही. म्हणून क्लचची वायर नुसती बघू नका, पूर्ण लांबीभर हाताने चाचपा. हिवाळ्यात शेडमध्ये शिरलेले उंदीर नेमक्या याच वायरी कुरतडतात, तेही लक्षात ठेवा.

शोधताना एखादा स्विच क्षणभर तारेने जोडून बघणं वेगळं आणि तो कायमचा बांधून टाकणं वेगळं. व्हिडिओंमध्ये सीटचा स्विच बायपास करायच्या युक्त्या बिनदिक्कत सांगतात. कृपया तसं करू नका. उतारावर मोअर उलटला किंवा माणूस सीटवरून घसरला, तर ब्लेड थांबवणारी तीच एक गोष्ट आहे. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखालच्या मुलांना राइडिंग मोअर चालवू देऊ नका असं सांगते. आपल्या घरांत नातवाला मांडीवर बसवून फेरी मारायची हौस असते, तीही तितकीच धोक्याची.

धाप लागून बंद पडत असेल तर

पट्टा अजून काढला नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे काढा, प्लगची वायर पुन्हा सोडवा, जाड हातमोजे घाला आणि डेकवरची प्रत्येक पुली हाताने फिरवा. पट्टा असताना ब्लेड फिरवून अंदाज घेऊ नका. ब्लेड बंद केल्यावर त्यांना थांबवणारा ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे चांगला डेकही जड लागतो. लिव्हरच्या काही मोअरमध्ये हा ब्रेक डेकच्या पुलीवरच टेकतो, तिथे तो हाताने बाजूला धरावा लागतो. मोकळी पुली एका बोटाने, आवाज न करता फिरली पाहिजे. खरखर, अडखळ किंवा गरगर आवाज आला तर त्या स्पिंडलची, म्हणजे ब्लेड ज्यावर फिरतं त्या आसाची, बेअरिंग गेली. ब्लेडचं टोक धरून वरखाली हलवा. लटलट जाणवली तरी तेच. अनेक डेकमध्ये ६२०३ किंवा ६२०४ नंबरची साधी बेअरिंग असते आणि ती कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते, फक्त जुनीवरचा नंबर वाचून मगच घ्या. कापून झाल्यावर जोरदार पाण्याने डेक धुवायची सवय या बेअरिंगच्या मुळावर येते. पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं, आणि पुढच्या वसंतात स्पिंडल गंजून बसलेला मिळतो.

ताण देणारी छोटी पुलीही फिरवून बघा. ती अडकली की पट्टा तिच्यावर घासत जातो आणि रबराचा वास येतो. ब्लेड आणि स्पिंडलच्या मध्ये नायलॉनची दोरी, कुत्र्याचा पट्टा, ख्रिसमसच्या दिव्यांची वायर असं काही गुंडाळलेलं मिळतं. खालून टॉर्च मारल्याशिवाय ते दिसत नाही. डेकखाली शिरायचं तर मोअर नुसत्या जॅकवर उभा करू नका, खाली मजबूत स्टँड लावा, किंवा सरळ डेक काढून बाहेर ओढा. डेक काढणं वाटतं तितकं अवघड नसतं, आणि खरवडायलाही तेच सोपं.

नुकताच पट्टा बदलला असेल तर संशय त्याच्यावर घ्या. अर्धा इंच आखूड पट्टा ब्लेड बंद असतानाही ताणलेला राहतो आणि इंजिनाला सतत ओढतो. मोटारीच्या दुकानातला साधा पट्टा मापाने जुळला तरी त्याची जाडी आणि आतले धागे वेगळे असतात. मोअरच्या कंपनीच्या भागक्रमांकाशी ताडूनच घ्या.

डेक लोण्यासारखा मोकळा फिरतोय आणि तरी इंजिनाला धाप लागते, तर इंजिनाकडे या. इथे गव्हर्नर पाहायला विसरू नका. इंजिनावर ओझं आलं की कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची झडप आपोआप उघडते, तो या गव्हर्नरच्या दांडीमुळे. हुड उघडं ठेवून, दुसऱ्या कोणाला तरी सीटवर बसवून ब्लेड लावायला सांगा आणि हात लांब ठेवून त्या बारीक दांडीकडे बघा. ती झटकन सरकून थ्रॉटल पूर्ण उघडत असेल आणि तरीही इंजिन बसत असेल, तर गव्हर्नर आपलं काम करतोय, इंजिनाला पेट्रोल किंवा ठिणगी कमी पडतेय. दांडी हललीच नाही तर तिची स्प्रिंग निसटली आहे किंवा गवत-मातीने जोड अडकले आहेत. दहा सेकंदांचं हे निरीक्षण कार्ब्युरेटर उगाच उघडणं वाचवतं.

पेट्रोल कमी पडतंय का हे चोकवरून कळतं. इंजिन गरम असताना चोक अर्धा ओढून ब्लेड लावा. अशाने ते तगलं तर मिश्रण पातळ आहे, त्यात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे बहुधा कार्ब्युरेटरची मुख्य जेट, पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबलेली आहे. रिकाम्या चालीला लागणारं पेट्रोल वेगळ्या बारीक वाटेने येतं, म्हणून मोअर फिरताना काहीच जाणवत नाही. ओझं आलं की मुख्य जेटची गरज पडते आणि तिथेच अडतं. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि हिवाळाभर टाकीत पडून राहिलं की कार्ब्युरेटरच्या वाटीत मळ धरतो. वाटी उतरवून, जेट क्लीनरने धुऊन, बारीक तांब्याच्या तारेने भोक मोकळं करा. ड्रिल किंवा सुई घालून भोक मोठं करू नका. त्याआधी टाकीचं झाकण सैल करून एकदा कापून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल तर तेवढ्याने फरक पडतो, विशेषतः पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या मोअरमध्ये.

दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर एक सिलिंडर मेलेलं नाही ना, याची खात्री करा. एका सिलिंडरवरही मोअर सुरू होतो, चालतो, थोडा थरथरतो इतकंच. ब्लेड लावले की मात्र हात टेकतो. थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्टच्या नळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखा. एक बाजू खूपच थंड दाखवली तर त्या बाजूचा प्लग, कॉइल किंवा व्हॉल्व्हची दांडी पाहा. एका सिलिंडरच्या इंजिनात व्हॉल्व्हचं अंतर वाढूनही ताकद जाते, आणि किल्ली फिरवल्यावर स्टार्टर अर्ध्यात अडकतो ही त्याची खूण. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अनेक एकसिलिंडर ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर असलेल्या) इंजिनांत इनटेकला ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्टला ०.००५ ते ०.००७ इंच अंतर ठेवतात. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि थोडा संयम असेल तर हे घरी होतं.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर मेकॅनिककडे न्या, पण "ब्लेड लावले की बंद पडतो" एवढंच सांगून मोअर सोडून येऊ नका. क्षणात पडतो की धाप लागून, पट्टा काढल्यावर काय झालं, ब्लेड लावल्यावर व्होल्टेज किती राहिलं, क्लचचे ओहम किती आले, गव्हर्नरची दांडी हलली का, हे कागदावर लिहून द्या. मे महिन्यात दुकानांत रांग असते आणि तासाप्रमाणे मजुरी लागते. या पाच उत्तरांनी त्याचा शोधायचा वेळ वाचतो, आणि न लागणारा क्लच किंवा स्विच बिलात येत नाही.